फोर्डने पगार वाढवला तो गाड्या खपवायला नाही

कामगारांना जपा म्हणजे धंदा वाढतो हा विषय निघाला की एक मेसेज हमखास येतो, की हेन्री फोर्डने १९१४ मध्ये रोज ५ डॉलर पगार केला कारण कामगारांनीच त्याच्या गाड्या विकत घ्याव्यात. हे खरं नाही. साधा हिशोब बघा ना, कामगार होते १४ हजारांच्या आसपास आणि गाड्या बनत होत्या वर्षाला २ लाखांच्या वर, मग सगळ्यांनी एकेक घेतली असती तरी कितीसा फरक पडणार होता?

खरं कारण म्हणजे माणसं टिकतच नव्हती. १९१३ मध्ये फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात असेंब्ली लाईन आली, म्हणजे गाडी पुढे सरकत जाते आणि प्रत्येक जण आपल्या जागी एकच काम करतो, दिवसभर तेच एक काम, लोक कंटाळून सोडून जायचे, आणि तेवढे १४ हजार जण कामावर ठेवायला त्या एका वर्षात ५० हजारांवर भरती करावी लागली! प्रत्येक नव्या माणसाला शिकवायचा खर्च, वर लाईन अडते ती वेगळीच. पगार जवळपास दुप्पट झाला, शिफ्ट ९ वरून ८ तासांची झाली आणि सोडून जाणं झपाट्याने कमी झालं.

पण याला 'पीपल-फर्स्ट', म्हणजे आधी माणसांचा विचार, असं म्हणायला माझं मन होत नाही. पूर्ण ५ डॉलर मिळवायचे तर कंपनीची माणसं घरी येऊन दारू पितो का, बचत करतो का, घर स्वच्छ आहे का हे तपासायची, आणि बायकांना तर सुरुवातीला यातून वगळलंच होतं.