ग्रामीण सांडपाणी प्रक्रिया

लहान वस्तीतल्या घरांमधून बाहेर पडणारे वापरलेले पाणी विहीर, ओढा किंवा शेतापर्यंत पोहोचण्याआधी निर्धोक करण्याच्या पद्धतींना ग्रामीण सांडपाणी प्रक्रिया म्हणतात. सांडपाण्यात सुमारे ९९.९ टक्के पाणीच असते. सेंद्रिय घाण, साबण, क्षार आणि रोगजंतू हे सगळे उरलेल्या अंशात असते. न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि धुण्याचे पाणी तुलनेने कमी धोक्याचे असते, तर संडासातले मैलापाणी कॉलरा, विषमज्वर, कावीळ व जंत पसरवते. दोन्ही वेगवेगळी ठेवता आली तर अर्धे काम सोपे होते.

शहरातली यंत्रणा लहान करून गावात बसवली की ती बहुधा बंद पडते. घरे विखुरलेली असल्याने नळांचे जाळे महाग पडते. सकाळी पाण्याचा लोंढा येतो आणि मध्यरात्री प्रवाह जवळपास थांबतो. १९१४ मध्ये मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी मांडलेली सक्रिय गाळ पद्धत, म्हणजे टाकीत सतत हवा सोडून जिवाणूंकरवी घाण संपवण्याची रीत, मोठ्या शहरांना वरदान ठरली, पण तिला अखंड वीज आणि जाणकार माणूस लागतो. हवा बराच वेळ बंद राहिली की ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू मरू लागतात आणि टाकी कुजते. म्हणून गावासाठी उताराने वाहणारी, यंत्राविना चालणारी पद्धतच आधी विचारात घ्यावी.

सर्वांत प्रचलित साधन म्हणजे सेप्टिक टाकी. तिच्यात जड घाण तळाशी बसते, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी पुढे जाते. हे पाणी शुद्ध झाले असा समज सर्रास आढळतो व तो घातक आहे, कारण बहुतेक रोगजंतू त्यात तसेच असतात. ते शोषखड्ड्यात किंवा चरांत मुरवावे लागते, आणि खरे शुद्धीकरण तिथल्या मातीतच होते. चिकण मातीत पाणी मुरत नाही. भेगाळ खडकातून किंवा भूजल उथळ असलेल्या जागी ते न गाळताच विहिरीत उतरते. जागा निवडण्यापूर्वी खड्डा खणून, पाणी ओतून ते किती वेळात मुरते हे पाहणे अनिवार्य मानावे.

मोकळी जमीन व ऊन भरपूर असेल तर स्थिरीकरण तलाव उत्तम. पहिला तलाव दोन ते पाच मीटर खोल असतो आणि त्यात ऑक्सिजनविना कुजण्याची क्रिया होते. पुढचे तलाव एक ते दोन मीटर खोल असतात. त्यांतले शैवाल दिवसा ऑक्सिजन सोडते, पाण्याची अल्कता (आम्लतेच्या उलट गुण) वाढवते, आणि त्या अल्कतेसह उन्हाने रोगजंतू मरतात. निरोगी तलाव हिरवा दिसतो. तो गुलाबी किंवा करडा झाला की घाणीचा भार झेपेनासा झाला असे समजावे.

कृत्रिम पाणथळीत खडीच्या थरात पाणकणीस किंवा नळ नावाचे उंच गवत लावतात. खडीवर वाढलेली जिवाणूंची बुळबुळीत पापुद्री घाण खाते. आधी गाळ नीट बसवला नाही तर खडी तुंबते.

कोणत्याही पद्धतीत गाळ उपसणे हेच सर्वाधिक दुर्लक्षिले जाणारे काम आहे. लांब काठीला पांढरे फडके गुंडाळून टाकीत तळापर्यंत सोडले की फडक्यावरचा काळा पट्टा गाळाची जाडी दाखवतो. टाकीचा तिसरा हिस्सा भरला की उपसा करावा. वापरानुसार ही वेळ साधारण दोन ते पाच वर्षांनी येते. त्यासाठीचा निधी आणि जबाबदार माणूस बांधकामाआधीच ठरलेला हवा.

प्रक्रिया केलेले पाणी शेतीला द्यायचे तर पीक पाहावे लागते. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये १०० मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त १००० मलजन्य कोलिफॉर्म जिवाणू आणि लिटरमागे सरासरी जंताचे जास्तीत जास्त एक अंडे इतपत कसोटी सुचवली होती. उपसलेल्या गाळात ही अंडी महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून तो वाळवून व कंपोस्टच्या उष्णतेत मुरवूनच शेतात पसरावा.