सिमेंटचा बगळा पहारा देत नाही

नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या बंगल्यांपासून नर्सरीवाल्यांपर्यंत एक समज पक्का आहे: बागेतल्या माशांच्या हौदाकाठी बगळ्याचा पुतळा ठेवला की खरा बगळा फिरकत नाही, कारण त्याला वाटतं, जागा आधीच कुणीतरी धरली आहे.

हे खरं नाही. बगळा कधी कधी आपली जागा राखतो, हाकलाहाकलीही करतो. पण जिथे मासे मुबलक, तिथे बगळे शेजारी शेजारी उभे राहून मासे टिपतात. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात जाऊन बघा. वरून उडणाऱ्याला खाली उभा जातभाई दिसला, तर उलट इथे खायला आहे असंच वाटू शकतं. शिवाय पुतळा हलत नाही, हे त्याला लवकरच कळतं.

आपल्याकडे खरा चोर बहुधा वंचक, म्हणजे तळ्याकाठचा छोटा बगळा. काठावर मान आखडून बसला की मातकट रंगामुळे दिसतच नाही. उडाला की एकदम पांढरे पंख. रातबगळा अंधारात येतो आणि आळ मांजरावर.

उपाय जाळीचाच. पाण्यापासून वीतभर उंच आणि ताणून बांधा. सैल जाळीतून चोच आत जाते, पक्षीही अडकतात. हौदाच्या कडा उभ्या, खोली दोन-तीन फूट असेल तर बगळ्याला पाय टेकता येत नाहीत. खंड्या मात्र सूर मारतो, त्याला खोलीचं काय! तळाशी पाइपचे तुकडे टाका, मासे लपतात.

गलोल नको. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ बगळ्यालाही लागू आहे.