ट्रेलर निवडताना टनामागचं डिझेल मोजा

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून कॉइल, प्लेट, पाइप, सळ्या पुणे-चाकणकडे पाठवणारे आमचे ग्राहक हमखास विचारतात, "तुमची कुठली गाडी जास्त अ‍ॅव्हरेज देते?" उत्तर सोपं आहे: लहान गाडी. पण तुमचा माल तिच्यातून स्वस्तात जाईल का, हे तेवढ्यावरून ठरत नाही.

आमच्या दोन्ही प्रकारच्या उघड्या ट्रेलरला तीन एक्सल आहेत. फरक आहे पुढच्या हॉर्समध्ये, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या इंजिनवाल्या गाडीमध्ये. लहान गाडीच्या फोर बाय टू हॉर्सला मागे एकच एक्सल, त्यामुळे 2018 च्या एक्सल नियमांप्रमाणे मालासकट एकूण वजन 45.5 टनांपर्यंत नेता येतं. मोठ्या गाडीच्या सिक्स बाय फोरला मागे दोन एक्सल आणि दोन्हींना इंजिनाची ओढ, म्हणून 55 टन. गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की माल साधारण 32 टन आणि 39 टन.

आता उदाहरणादाखल धरू की भरलेली लहान गाडी लिटरला 3 किलोमीटर देते आणि मोठी 2.5. म्हणजे 100 किलोमीटरला लहानीला 33.3 लिटर लागलं, मोठीला 40. टनांनी भागा: दोन्हींचं उत्तर टनामागे 1 लिटरच्या जरासं वर, जवळजवळ सारखंच! पण माल 24 टनच असेल तर? लहान गाडी 3.5 देईल, मोठी 3. टनामागे 1.19 लिटर विरुद्ध 1.39. इथे मोठी गाडी बोलावणं म्हणजे रिकाम्या जागेचं भाडं भरणं, आणि तसं असेल तर आम्ही बुकिंगच्या वेळीच सांगतो.

खरं डिझेल पितो तो बोरघाट. खोपोली ते खंडाळा सुमारे 500 मीटरची चढण. 55 टन एवढं उंच उचलायलाच अंदाजे 19 लिटर जातात. टायरची घसट आणि वारा यांचा खर्च वेगळा. उतरताना त्यातलं बरंचसं परत मिळत नाही, ते ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातं. दर टनामागे हे सुमारे एक तृतीयांश लिटर आहे आणि ते गाडीच्या लोखंडालाही लागू होतं. म्हणूनच आम्ही हलक्या ट्रेलरवर पैसे खर्च केले. एकूण वजनाची मर्यादा तीच, त्यामुळे ट्रेलर एक टनाने हलका झाला की तुमचा एक टन जास्त बसतो.

सपाटीला वाऱ्याचा वाटा वेगाबरोबर भराभर वाढतो. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा अडथळा चौपट. फडफडणारी ताडपत्री त्यात भर घालते, म्हणून आमचे ड्रायव्हर ती घट्ट आवळल्याशिवाय निघत नाहीत. टायरमधली हवा रोज सकाळी गाडी थंड असताना तपासली जाते.

गाडी परत रिकामी आली तरी डिझेल जळतंच, आणि ते तुमच्या भाड्यात येतं. तेव्हा बुकिंग करताना तीन गोष्टी सांगा: काट्यावरचं नक्की वजन, गेटवर माल उतरायला लागणारा वेळ, आणि चाकण-तळेगाव भागातून मुंबईकडे यायचा काही माल आहे का. परतीचा माल दोन दिवस आधी कळला तर दोन्ही फेऱ्यांचा एकत्र दर देतो.