ओकच्या ओंडक्यांचं वय

इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात ग्रीनस्टेड नावाचं छोटंसं खेडं आहे. तिथल्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या सभागृहाची भिंत दगडाची नाही, विटांचीही नाही. ओकचे ओंडके उभे चिरून शेजारीशेजारी उभे केलेत. सालीकडची गोलाई बाहेर, सपाट बाजू आत. आतून वाकसाने तासल्याच्या खुणा अजून दिसतात. दोन ओंडक्यांमध्ये खाच पाडून लाकडाची पट्टी बसवलेली, म्हणजे फटीतून वारा यायला नको. खालची टोकं कुजली होती. १८४८च्या दुरुस्तीत ती कापली आणि ओंडके विटांच्या जोत्यावर बसवले. जगातलं सर्वांत जुनं लाकडी चर्च हेच, असं मानतात.

पण जुनं म्हणजे किती? पूर्वी सन ८४५ सांगितलं जाई. १९९५मध्ये लाकडातली वाढीची कडी तपासली गेली. थंड प्रदेशात झाडाला वर्षाला एक कडं चढतं. हवामान मानवलं तर रुंद, नाही तर अरुंद. हा क्रम त्या भागातल्या आधीच काळ ठरलेल्या लाकडांशी जुळवला की प्रत्येक कड्याचं वर्ष कळतं. (आपल्या सागालाही अशी कडी असतात, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने त्यांवरून जुन्या पावसाचा माग काढला आहे.)

ग्रीनस्टेडला शेवटचं कडं १०५३चं निघालं. म्हणजे झाड त्याच वर्षी तोडलं? नाही. ओकचा गाभा टणक, टॅनिनने भरलेला; सालीलगतचं फिकट लाकूड मात्र पिष्टमय, किडीला सोपं. इथे ते उरलेलंच नाही. इंग्लिश ओकमध्ये त्या थरात साधारण १० ते ५५ कडी असतात. ती मिळवली की तोडणी १०६३ ते ११०८च्या दरम्यान येते. नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं १०६६मध्ये; चर्च त्याआधीचं की नंतरचं, एवढं काही लाकूड सांगत नाही. मला तरी ही पंचेचाळीस वर्षांची मोकळीक ‘८४५’ या ठाम आकड्यापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

एक दंतकथा मात्र अडचणीत आली. डेन लोकांनी ८६९मध्ये मारलेल्या राजा एडमंडचा देह १०१३मध्ये लंडनहून परत नेताना इथे विसावला होता म्हणतात. तेव्हा या भिंतींची झाडं अजून रानात उभी होती! अर्थात फरशीखाली आणखी जुन्या लाकडी बांधकामांच्या खुणा सापडल्या आहेत, त्यामुळे कथेला टेकायला जागा आहे.