वारा नसताना चढणारा दर्या

३१ मार्च २०२४, ईस्टरचा रविवार. केरळच्या किनाऱ्यावर वादळ नव्हतं. अरबी समुद्रात कुठे कमी दाबाचा पट्टाही नव्हता. तरीही तिरुवनंतपुरमपासून थ्रिस्सूरपर्यंत ठिकठिकाणी समुद्र रस्ता ओलांडून घरांत शिरला आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या एकमेकींवर आपटल्या. तिथल्या कोळ्यांना हा प्रकार नवा नाही. त्यांच्याकडे त्याला नावच आहे, कळ्ळक्कडल. कळ्ळन म्हणजे चोर, कडल म्हणजे समुद्र. चोरपावलांनी येणारा दर्या. हा शब्द इतका नेमका आहे की २०१२ मध्ये युनेस्कोनेही तो शास्त्रीय संज्ञा म्हणून स्वीकारला.

चोर आला कुठून? दक्षिण गोलार्धात ४० ते ६० अक्षांशांच्या दरम्यान पश्चिमेचे जोरदार वारे वर्षभर घोंघावत असतात आणि त्यांना अडवायला वाटेत जमीन जवळजवळ नाहीच. तिथे मोठं वादळ झालं की उठलेल्या लाटा वादळाच्या टापूतून बाहेर पडतात आणि वारा मागे राहिला तरी चालतच राहतात. अशा दूरवरून आलेल्या लाटांना 'स्वेल' म्हणतात. त्या किती दूर जातात, हे वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये पडताळून पाहिलं. न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत निरीक्षण केंद्रं मांडून त्याने अंटार्क्टिकाजवळच्या वादळांच्या लाटा सबंध प्रशांत महासागर ओलांडताना मोजल्या.

यातलं सगळ्यात सुंदर गणित लाटांच्या वेगाचं आहे. एक लाट गेल्यावर दुसरी यायला जितके सेकंद लागतात तो लाटेचा आवर्तकाळ. खोल समुद्रात हा काळ जितका मोठा, तितकी लाट वेगवान. १८ सेकंदांच्या लाटांचा जथा ताशी साधारण ५० किलोमीटर पुढे सरकतो, १२ सेकंदांच्या लाटांचा ३४ किलोमीटर. वादळ साडेसात हजार किलोमीटर दूर असेल, तर पहिला जथा सहा दिवसांत पोचेल आणि दुसऱ्याला नऊ दिवस लागतील. म्हणजे लांब लाटा आधी, आखूड नंतर. किनाऱ्याजवळच्या बोयाने (पाण्यावर तरंगत ठेवलेल्या मोजणी-यंत्राने) मोजलेला आवर्तकाळ एकाएकी १८-२० सेकंदांवर गेला आणि मग दिवसागणिक उतरत गेला, तर त्या उताराच्या वेगावरून वादळ किती दूर झालं होतं हे सांगता येतं. वादळ डोळ्यांनी न पाहता!

भर समुद्रात ही लाट ओळखणं कठीण असतं. १८ सेकंदांच्या दोन लाटांच्या माथ्यांमध्ये अर्ध्या किलोमीटरचं अंतर असतं आणि उंची कधीकधी मीटर-दीड मीटरच. बोट हळूच उचलली जाते, हळूच खाली येते. पाणी उथळ झालं की मात्र लाटेचा वेग कमी होतो, मागून येणारी ऊर्जा कमी जागेत कोंडते आणि लाट उभी राहते. कोकणातल्या खाड्यांच्या मुखाशी जिथे वाळूचा दांडा तयार झालेला असतो, तिथे हा धोका सर्वांत जास्त. बाहेर दर्या शांत, आत बंदर दिसतंय, आणि मधल्या शंभर-दोनशे मीटरांत लाट फुटते आहे. त्यातच अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती असली, तर पाणी आणखी वर चढतं.

म्हणून मला वाटतं, समुद्राचा अंदाज वाचताना आपण नको त्या आकड्याकडे बघतो. 'सोसाट्याचा वारा, ताशी ४५ ते ५५ किलोमीटर' हे वाचतो, बंदरात धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला का ते विचारतो. लाटांची उंची वाचली तर वाचली. आवर्तकाळाचा आकडा अंदाजात असतो, पण बातमीपर्यंत सहसा पोचतच नाही.

उंचीच्या आकड्यातही एक खुबी आहे. अंदाजात 'लाटा ३ मीटर' लिहिलं असेल तर ती सगळ्या लाटांची सरासरी नसते, सर्वांत मोठी लाटही नसते. ती आलेल्या लाटांपैकी सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. अनुभवी खलाशी नजरेने जी उंची सांगतो, ती या आकड्याच्या जवळ येते, म्हणून ही पद्धत रुळली. आठ सेकंदांना एक लाट धरली तर तासाला ४५० होतात. दोन-तीन तासांत हजार लाटा बोटीखालून जातात आणि त्यांतली एखादी त्या आकड्याच्या जवळपास दुप्पट असणं अगदी स्वाभाविक आहे. '३ मीटर' वाचलेल्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, जवळजवळ सहा मीटरची एक लाट मनात धरूनच निघायला हवं.

आपल्या किनाऱ्याची स्वतःची गणितंही आहेत. नोव्हेंबर ते मार्चमध्ये अरबस्तानावरून 'शमाल' नावाचे वायव्येचे वारे सुटतात. त्यांच्या लाटा अरबी समुद्र ओलांडून रत्नागिरी-गोव्यापर्यंत येतात, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. पुढे फेब्रुवारी ते मे या काळात दुपारी खारे वारे सुटले की त्यांनी उठवलेल्या आखूड लाटा दक्षिणेकडून आलेल्या लांब स्वेलवर स्वार होतात. सकाळी संथ असलेलं पाणी दुपारी चवताळतं, रात्री पुन्हा निवतं. मासेमारीला पहाटे निघायची रीत याच्याशी किती जुळते!

अंदाज वर्तवण्यात खरी अडचण वाऱ्याची आहे. २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस कन्याकुमारीजवळ ओखी वादळ एका दिवसाच्या आत कमी दाबाच्या क्षेत्रातून चक्रीवादळ बनलं. तोवर कित्येक बोटी खोल समुद्रात गेलेल्या होत्या आणि मोबाइलचा सिग्नल किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरपर्यंतच पोचतो. केरळ-तमिळनाडूच्या असंख्य कोळी कुटुंबांनी त्याची किंमत मोजली. त्यानंतर दोन वर्षांनी समुद्राचे अंदाज आणि इशारे देणाऱ्या हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेने 'जेमिनी' हे यंत्र आणलं. ते इशारे थेट उपग्रहावरून घेतं. अशी यंत्रं प्रत्येक लहान बोटीवर असायला हवीत, ही मागणी मला अगदी रास्त वाटते.

स्वेलचं तसं नाही. वारा उद्या कुठे वळेल हे सांगावं लागतं, पण स्वेल जन्माला येऊन वाटेला लागलेला असतो. ओशनसॅटसारखे उपग्रह पाण्यावरच्या बारीक तरंगांवरून परतणाऱ्या सूक्ष्मलहरी टिपून दूरच्या समुद्रावरचा वारा मोजतात. तो संगणकी प्रारूपात घातला की लाटा कुठे, कधी, किती सेकंदांच्या पोचतील हे काही दिवस आधी कळतं. मग इशारा निघतो आणि त्यात किनाऱ्यावरच्या माणसाला उपयोगी असं एक साधं वाक्य असतं: नांगरलेल्या होड्या एकमेकींपासून सुरक्षित अंतरावर ठेवा.