बडोद्याचे संग्रहालय आणि कमाटीबाग

वडोदरा (बडोदे) शहरात विश्वामित्री नदीकाठच्या सयाजीबागेत असलेले सार्वजनिक संग्रहालय. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी 1887 मध्ये त्याची स्थापना केली. मुख्य इमारत 1894 मध्ये पूर्ण होऊन लोकांसाठी खुली झाली. शेजारच्या चित्रसंग्रहाच्या इमारतीचे काम 1908 ते 1914 या काळात झाले. पण पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून यायची चित्रे अडकून पडली आणि तिची दारे उघडायला 1921 साल उजाडले. बाग या दोन्हींपेक्षा जुनी, 1879 ची. बडोद्याच्या मराठी घरांत तिला आजही कमाटीबागच म्हणतात.

बाग आधी आणि इमारत नंतर, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण या संग्रहालयाची वास्तू बागेपासून तोडून समजत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात असे एक कुटुंबच तयार झाले होते: मोठी बाग, तिच्यात प्राणी, आणि मध्ये संग्रहालय. मुंबईत राणीच्या बागेतले, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे संग्रहालय 1872 मध्ये खुले झाले. तिरुवनंतपुरमचे नेपियर संग्रहालय 1880 मध्ये पुरे झाले. जयपूरच्या रामनिवास बागेतला अल्बर्ट हॉल 1887 मध्ये संग्रहालय म्हणून खुला झाला. दाट वस्तीतला धूर, धूळ आणि आगीची भीती टाळायची तर मोकळी जागा हवी. शिवाय वाघ-माकडे पाहायला आलेले कुटुंब पुढे चालत चालत मूर्तींच्या दालनातही शिरते. आजही सुटीच्या दिवशी इथे येणाऱ्यांत ‘संग्रहालय पाहायचे’ असे ठरवून निघालेले थोडे आणि बागेतून वळलेले पुष्कळ असतात. ही या रचनेची मोठी कमाई मानली पाहिजे.

इमारतीचे श्रेय मेजर चार्ल्स मँट आणि रॉबर्ट फेलोज चिझम या दोघांना मिळून दिले जाते. मँट हा कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा वास्तुकार. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडाही त्याचाच. पण 1881 मध्ये तो वारला आणि राजवाडा चिझमने पुरा केला. संग्रहालयाची स्थापनाच 1887 ची असल्याने प्रत्यक्ष इमारतीवर चिझमचा हात अधिक समजणे योग्य. तिरुवनंतपुरमचे संग्रहालयही त्याचेच होते, त्यामुळे उष्ण हवेत, बागेच्या मधोमध, वारा खेळता ठेवणारी इमारत कशी बांधायची याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. शैली इंडो-सारासेनिक म्हणजे युरोपीय धाटणीच्या आराखड्यावर झरोके, छज्जे, कमानी आणि छत्र्या. या शैलीला नुसते नटवेपण म्हणून नाके मुरडली जातात, ते अन्यायाचे आहे. छज्जा भिंतीवरचे ऊन आणि पावसाची झड अडवतो, व्हरांडा दालनाची भिंत तापू देत नाही, उंच छताखाली गरम हवा वर चढून राहते. मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जाणाऱ्या शहरात, वीज आणि पंखे येण्याआधी, हे सगळे गरजेचेच होते.

संग्रहालयाच्या वास्तूत खरी कसोटी उजेडाची. रणरणत्या दुपारी उघड्यावर साधारण 1,00,000 लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो. कापड, कागद आणि जलरंगातली चित्रे मात्र 50 लक्सच्या आसपासच ठेवावी लागतात. तैलचित्रांना 200 पर्यंत चालते. बाहेरून आत आलेल्या माणसाच्या डोळ्यांना हा उतार एका पावलात झेपत नाही. काही मिनिटे सगळे काळे दिसते आणि पहिल्या दोन-चार वस्तू न पाहताच मागे पडतात. इथे कमाटीबाग कामाला येते. फाटकापासून झाडांच्या सावलीतून चालत यायचे, मग व्हरांडा, मग आतले दालन. उजेड टप्प्याटप्प्याने उतरतो आणि डोळे सावकाश तयार होतात. मोटार थेट दारात नेऊन उभी केली की ही सोय हातची जाते.

तैलचित्रांची अडचण आणखी निराळी. चित्रासमोर खिडकी असली की व्हार्निशवर तिचे चौकोनी प्रतिबिंब पडते. राजा रविवर्म्याच्या चित्रातला चेहरा पाहायला मग मान तिरपी करून बाजूला सरकावे लागते. म्हणून चित्रांना वरून येणारा किंवा उत्तरेचा स्थिर उजेड मानवतो. बडोदे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहे, त्यामुळे जूनमध्ये काही आठवडे भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला जातो; पण तो जवळजवळ डोक्यावरच असल्याने एवढासा छज्जा पुरतो. खरा त्रास पश्चिमेकडच्या तिरप्या उन्हाचा. चित्रांसाठी वेगळी इमारत उभारणे हा त्या काळी शहाणपणाचाच निर्णय होता. मुख्य इमारतीत नाना तऱ्हेच्या वस्तू येणार होत्या. 1944 मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा आज इथेच आहे. लांबी सुमारे 22 मीटर. त्याच्या कडेने चालताना एकेक मणका मागे टाकत जावे लागते. अशा वस्तूला भिंत नको, लांबी हवी. चित्राचे नेमके उलटे.

बागेची देखभाल आणि लागवड यामागे बडोदा संस्थानाची मोठी परंपरा होती. जर्मनीहून आलेले आणि लंडनच्या क्यू उद्यानात तयार झालेले गुस्ताव्ह हर्मन क्रुम्बिगल 1893 पासून संस्थानच्या बागांचे काम पाहत होते. पुढे म्हैसूर संस्थानात गेल्यावर त्यांचे नाव बंगळूरच्या लालबागेशी जोडले गेले. कमाटीबागेत बँडस्टँड आहे, फुलांचे घड्याळ आहे, प्राणिसंग्रहालय नदीच्या दोन्ही तीरांवर पसरले आहे. जवळच्या चौकातला सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा डर्वेंट वुड या इंग्रज शिल्पकाराचा, शहराला ‘काळा घोडा’ म्हणून ठाऊक असलेला.

नदीशेजाराची किंमतही मोजावी लागते. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली आणि शहराचा मोठा भाग पाण्यात होता. पूर नसला तरी पावसाळ्यातली दमट हवा आणि उन्हाळ्यातली कोरडी हवा यांची आलटापालट वस्तूंना सोसत नाही. चित्राचा कॅनव्हास सैल पडतो आणि पुन्हा ताणतो. बडोद्यातल्याच अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती हे या संग्रहालयाचे भूषण. कांस्यात क्षार मुरलेले असले की ओल लागताच हिरवट भुकटी सुटू लागते आणि धातू आतून खाल्ला जातो. त्यामुळे भिंतीलगतची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती ठेवणे, पन्हळींतला पालापाचोळा मृगाआधी काढणे, मोठ्या झाडांची मुळे पायापासून लांब राखणे ही माळ्याची कामे पुराणवस्तू जतनाच्या कामाइतकीच मोलाची ठरतात. इमारतीभोवती पेव्हर ब्लॉक घालण्याची हल्लीची सवय या दृष्टीने घातक आहे: पाणी मुरत नाही, जमीन तापते आणि उन्हाची तिरीप त्यावरून उलटून खिडक्यांवर येते. हिरवळ किंवा मुरूम बरा.

लक्ष्मीविलासच्या आवारातले महाराजा फत्तेसिंह संग्रहालय (1961) या जोडीला पाहण्यासारखे आहे. ती इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती, आणि मुलांना तिथे पोहोचवायला आवारातून छोटी आगगाडी धावत असे. राजवाड्याभोवतीच्या बागा विल्यम गोल्डरिंग यांनी आखल्या. रविवर्म्याच्या चित्रांचा मोठा संच इथे आहे. मात्र सार्वजनिक बागेतली वर्दळ इथे नाही, माणसे मुद्दाम ठरवूनच येतात.