खलाशांचे आरोग्य

समुद्रावरच्या नोकरीचे खलाशांच्या शरीरावर व मनावर होणारे परिणाम हा सागरी वैद्यकाचा विषय आहे. खलाशी जिथे काम करतो तिथेच राहतो. पाळी संपली तरी जहाजाचे डोलणे, इंजिनाची घरघर आणि पत्र्यांतून येणारे हादरे थांबत नाहीत.

बोट लागणे हा सर्वांत परिचित त्रास. आतला कान आणि डोळे मेंदूला विसंगत माहिती देतात आणि मळमळ, उलट्या सुरू होतात. बहुतेकांना काही दिवसांत सवय होते.

शिडांच्या जहाजांच्या काळात लांबच्या सफरींवर क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्ही या रोगाने असंख्य बळी घेतले. हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा पुन्हा उघडत. १७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदल शल्यवैद्याने ‘सॅलिसबरी’ जहाजावरील १२ रुग्णांच्या सहा जोड्या केल्या. कोणाला व्हिनेगर, कोणाला समुद्राचे पाणी, एका जोडीला संत्री व लिंबू. फळे खाणारे दोघे झपाट्याने सुधारले. तरीही ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस सर्रास मिळू लागायला १७९५ साल उजाडले. क जीवनसत्त्वाचा शोध तर विसाव्या शतकातला.

आज अन्नापेक्षा झोपेची ओढाताण मोठी आहे. चार तास पहारा, आठ तास सुट्टी हे चक्र कागदावर सुसह्य वाटते. पण बंदर आले की माल उतरवणे, तपासण्या, दोर बांधणे यांत सुट्टीचे तास विरघळतात. सागरी कामगार करार (२००६, अंमल २०१३ पासून) दिवसाला किमान १० आणि आठवड्याला ७७ तास विश्रांती सांगतो. नोंदवहीत हे तास अनेकदा प्रत्यक्षापेक्षा नीटनेटके दिसतात.

इंजिनरूममधील गोंगाटाने बहिरेपण येते, डेकवरच्या उन्हाने त्वचेचे विकार जडतात. जुन्या जहाजांवरील ॲस्बेस्टॉसचे दुष्परिणाम काही दशकांनी उघड होतात. सर्वांत फसवा धोका बंदिस्त टाक्यांचा. टाकीतले लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन शोषून घेते. कोळसा व लाकूड साठवलेल्या जागेतही तो घटतो. हवेला वास नसतो, रंग नसतो. आत उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला घाईने उतरलेला सहकारीही अनेकदा तिथेच दगावतो. म्हणून आधी हवेची तपासणी, हा नियम मोडण्याइतका महागडा उतावळेपणा जहाजावर दुसरा नाही.

महिनोन्‌महिने घरापासून दूर राहिल्याने एकटेपणा व नैराश्य येते. कोविडच्या साथीत, २०२० मध्ये, सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते.

आंतरराष्ट्रीय सफर तीन दिवसांहून मोठी आणि जहाजावर १०० किंवा अधिक माणसे असतील तरच डॉक्टर सक्तीचा. मालवाहू जहाजावर साधारण वीस-पंचवीस माणसे असतात, म्हणजे तिथे डॉक्टर नसतोच. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेला एखादा अधिकारी औषधांची पेटी सांभाळतो आणि किनाऱ्यावरच्या डॉक्टरांचा सल्ला घेतो. रोममध्ये १९३५ साली स्थापन झालेले केंद्र असा सल्ला आरंभी बिनतारी संदेशांवरून देत असे. आता उपग्रहामुळे जखमेचे छायाचित्रही पाठवता येते.